दाढीच्या खुर्चीवर लस

मंगळवार, ३ ऑक्टोबर

चौसष्टपैकी तीन!

चाळीस वर्षं सुया टोचल्या, पण असा पचका कधी झाला नव्हता. सकाळी नऊला तुरुंगाच्या दवाखान्यात टेबल मांडलं. बर्फाची पेटी, कापूस, फॉर्म, सगळं जागच्या जागी. आमच्या निवृत्त नर्सांच्या मंडळातल्या पाचही जणी वेळेवर हजर. बाकीच्या बॅरेकमधून निम्मेशिम्मे तरी आले. चार नंबरमधून तिघे. चौथा आला तो डोकेदुखीची गोळी मागायला. 'बोलण्यात गुंतवून टोचून टाकू का?' — हे तुरुंगाचा कंपाउंडर माझ्या कानात! तिथल्या तिथे झापला.

गेल्या हिवाळ्यात फ्लूने याच बॅरेकमधले दोघे गेले. महिनाभर मुलाखती बंद होत्या, घरच्यांना तोंडं दिसली नाहीत. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तरी नको म्हणतात.

चार नंबरची पाळी आली तेव्हा मी उठून व्हरांड्यात बसले. तशी अटच आहे. अर्जात 'आत कोणी नातलग?' यापुढे मी स्वच्छ अक्षरात 'सख्खा भाऊ, बॅरेक चार' लिहिलं होतं. अधीक्षकसाहेब म्हणाले, काम करा, फक्त त्या बॅरेकला हात लावू नका. योग्यच आहे.

धाकटा त्या तिघांत नव्हता. मी खांबाआडून पाहत होते. त्याला लहानपणापासून दमा. गेल्या वर्षी कसा वाचला कोण जाणे. या वर्षी वाचेलच असं नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

साहेबांकडे बैठक. साहेब म्हणाले, 'जो घेणार नाही त्याचं कँटीन बंद. आठ दिवसांत रांग लागते की नाही बघा.' कंपाउंडर म्हणाला, 'त्यापेक्षा बिस्किटांचे पुडे वाटू.' मी साहेबांच्या बाजूने! शाळेत गोवर आला होता तेव्हा मी कोणाला विचारत बसले होते का?

घरी आल्यावर हे भाजी निवडत ऐकत होते. मग म्हणाले, 'नको का म्हणतात, ते विचारलंस का त्यांना?'

चाळीस वर्षं नर्स मी. आणि हा प्रश्न सुचावा पोस्टमास्तराला!

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आत जाऊन विचारायची मला बंदी. मग जे आतल्यांशी बोलतात त्यांना विचारावं म्हणून फाटकाबाहेरच्या शेडमध्ये गेले. पत्र्याची शेड, दोन बाकं, भिंतीला टेकून पिशव्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मुलाखत. बायका पहाटेच येऊन टोकन घेतात. मग बसून राहायचं. कोणाचं टोकन कधी लागेल हे कोणीही सांगत नाही.

तिथला कारभार चालवतो समोरचा सलूनवाला. हा माणूस आत आठ वर्षं होता, सगळ्या बॅरेकच्या दाढ्या करायचा. आता फाटकासमोरच दुकान. बायकांचे फॉर्म भरून देतो, पिशव्या सांभाळतो, आत काय न्यायला चालतं काय नाही ते सांगतो. मला बघून म्हणाला, 'या सिस्टर. मंगळवारी तीनच विकेट ना?' बातमी भिंतीच्या बाहेर माझ्याआधी पोचलेली!

मी कामाचं बोलले. तुमच्या लोकांना तुम्ही समजवा, शंका मला विचारा, जे माहीत असेल ते सांगेन, नसेल ते नाही म्हणेन. मग चार नंबरमधल्या एका पोराची आई, भाजीवाली, आवाज असा की बाजार अख्खा ऐकेल, म्हणाली, 'तुमचं कोण आत आहे हो बाई?'

'कोणी नाही.'

एवढं झटकन तोंडातून गेलं की माझं मलाच कळलं नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

कागदावर खरं लिहिते. माणसांना खोटं सांगते. छान!

मंगळवार, १० ऑक्टोबर

शेडमध्ये तीन तास. आज बोलल्या. प्रश्न असे —

उरलेल्या, मुदत संपलेल्या लशी तुरुंगात पाठवतात का? (नाही. पुढच्या वेळी पेटीवरची तारीख वाचून दाखवेन, ज्याला वाचता येतं त्याने स्वतः वाचावी.) हात दुखतो का? (हो.) ताप येतो का? (काहींना एखादा दिवस. त्याने घाबरायचं नाही.) लस घेऊनही फ्लू होतो का? (होऊ शकतो, पण माणूस दगावण्याचा धोका बराच कमी.) आमच्यावर आधी करून बघताय का? — हे विचारणारी एका कैद्याची तरुण बायको, कडेवर मूल. मी म्हणाले, हीच लस दर वर्षी मी घेते, हे घेतात. ती म्हणाली, 'तुम्हाला नको म्हणता येतं.'

साहेबांच्या त्या कँटीनला मी मान डोलावली होती!

संध्याकाळी साहेबांना फोन केला. म्हटलं, कँटीन बंद करायचं नाही आणि बिस्किटंही नाहीत. ज्याला नको त्याला नको, त्याच्या नावापुढे शेरा नाही, आणि कोणी घेतली कोणी नाही हे आमच्यापैकी कोणीही बाहेर बोलणार नाही. घरच्यांनासुद्धा नाही. साहेब म्हणाले, 'परवापर्यंत तुम्ही माझ्यापेक्षा कडक होतात.' म्हटलं, आताही आहे.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज कळलं. न कळतं तर बरं होतं, असं लिहायला हात धजत नाही.

भाजीवालीला मी सरळच विचारलं, बाकीच्या बॅरेकमधून येतात, मग चार नंबरचंच काय एवढं? तिने सलूनवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली — सांग.

'त्या खोलीत कोण जाईल बाई? तिथे गप करायची सुई देतात.'

मग तिच्या पोराने सांगितलेलं तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचं. चार नंबरमध्ये एक मिस्त्री आहे. पंखे, पंप, घड्याळं, जे बिघडेल ते दुरुस्त करतो, अख्खी बॅरेक त्याचं ऐकते. कधी कोणाशी चढा आवाज नाही. एक दिवस त्याला पत्र आलं. आई गेल्याचं. जाऊन सतरा दिवस झाले होते! तो दाराशी गेला, म्हणाला फोन करू द्या. उद्या बघू म्हणाले. मग त्याने दार ठोकायला सुरुवात केली. ठोकतोय, ठोकतोय, हात रक्ताळले. शेवटी चौघांनी धरून दवाखान्यात नेला, तिथल्या टेबलावर पालथा पाडला आणि सुई दिली. दोन दिवस नुसता भिंतीकडे बघत पडून होता. लाळ गळत होती. पोरांनी बदलत्या पाळीने त्याला पाणी पाजलं.

'तेव्हापासून चार नंबरचा जुना माणूस मेला तरी त्या खोलीत पाय ठेवत नाही, आले ते तिघे-चौघे नवे,' भाजीवाली म्हणाली. 'आणि तुम्ही टेबल कुठे मांडलंत? तिथेच!'

सलूनवाला म्हणाला, 'म्हणे बहीण मोठी सिस्टर आहे त्याची. एकदा फिरकली नाही.'

मी पर्स उचलली आणि निघाले. निरोपसुद्धा घेतला नाही.

रविवार, १५ ऑक्टोबर

दोन दिवस काही लिहिलं नाही. आता लिहिते. सगळं लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात पाना घातला. मी ओट्यावर उभी होते. कोर्टाने विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं. त्याला चौदा वर्षं. खरं बोलल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. तो मला तोंड दाखवणार नाही असं मी गृहीत धरलं आणि मीही गेले नाही. सोपं होतं.

आई गेली तेव्हा तुरुंगात फोन करता आला असता. तेव्हाच्या साहेबांनी त्याला दोन तासांसाठी आणलंही असतं. पण पोलिसांची गाडी दारात, त्याच्या हातात बेड्या, शेजारची माणसं गॅलऱ्यांतून बघतायत — मला ते नको होतं. म्हटलं, सगळं उरकू दे, मग शांतपणे पत्र लिहू. लिहिलं. चांगल्या भाषेत, चार ओळी. पोस्टात ते कुठे अडकलं कोण जाणे. ह्यांनी तेव्हाही म्हटलं होतं, 'फोन कर.'

चार नंबरला सुईची भीती कोणी घातली याचा आठवडाभर मी बाहेर शोध घेत होते.

सोमवार, १६ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. त्यांनी उठून चहा करून आणला.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

शेडमध्ये उभी राहिले आणि सांगून टाकलं. 'मिस्त्री माझा भाऊ. ती बहीण मी. पत्र मीच उशिरा पाठवलं. त्या दिवशी कोणी नाही म्हणाले, ते खोटं होतं.'

भाजीवाली उसळली.

'म्हणजे आमची पोरं टोचायची, आणि स्वतःच्या भावाला तोंड दाखवायचं नाही! शिकलेली माणसं बाई तुम्ही!'

कडेवर मूल असलेली उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. एक म्हातारी म्हणाली, 'अगं, लाज तर आपल्यालाही वाटते. मी गावात सांगते, लेक परदेशी आहे.' कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी म्हणाली, 'माझा नवरा बोटीवर आहे!' आणि हशा पिकला. मी हसले नाही. पण बसायला जागा झाली.

सलूनवाला हसला नव्हता. जाताना म्हणाला, 'सिस्टर, समजवायला येता तशा एकदा रांगेत या. पहाटे. टोकन घ्यायला.'

शुक्रवार, २० ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला रांगेत. टोकन एकवीस. फॉर्मवर 'कैद्याशी नातं' — बहीण. चाळीस वर्षं फॉर्म भरून घेतले, स्वतः भरताना पेन चालेना.

साडेपाच तास. कोणी काही सांगत नाही. पाय सुजले. भाजीवालीने तिची पिशवी सरकवली आणि बाकावर टेकायला सांगितलं. अकराला नाव पुकारलं. खिडकीत गेले. शिपाई म्हणाला, 'नको म्हणाला.'

'काय नको?'

'मुलाखत. हक्क आहे त्याचा.'

हक्क आहे. मीच तर साहेबांना ऐकवलं होतं — ज्याला नको त्याला नको!

शनिवार, २१ ऑक्टोबर

सलूनवाल्याच्या दुकानात. एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून माझ्याशी बोलत होता, मला धडकी!

'सिस्टर, हा माणूस बघा. मला ओळखत नाही. माझ्या हातात वस्तरा आहे. आणि डोळे मिटून मान देतोय. का? धरलेला नाही म्हणून. मनात आलं तर आत्ता उठेल.'

गिऱ्हाईक घाबरून उठायला लागलं, त्याला परत बसवला.

त्याचं म्हणणं असं. आत अंगणात पत्र्याखाली दाढीचा कट्टा आहे, दोन लाकडी खुर्च्या. सोमवारी चार नंबरच्या दाढ्या तिथे होतात. उघड्यावर, सगळ्यांसमोर. तिथे आजवर कोणाला कोणी धरून बसवलेलं नाही. 'टेबल दवाखान्यातून उचला. दाढीच्या खुर्चीवर लस द्या. दाढी झाली, घ्यायची तर बाही वर करा, नाही तर तोंड पुसून चालू लागा. वस्तरा मी धरतो. ते मला ओळखतात.'

नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात हे नाही. पुस्तकात असायला हवं होतं.

तिथूनच साहेबांकडे. साहेब म्हणाले, 'सुटलेला कैदी वस्तरा घेऊन परत आत? तुम्ही शुद्धीवर आहात का?' तासभर भांडले. शेवटी कबूल झाले — वस्तरा तुरुंगाचा, मोजून देणार, मोजून घेणार. आणि दवाखान्यातलं ते टेबल? साहेब खाली बघत म्हणाले, 'तो प्रकार माझ्या आधीचा. पण झालं ते वाईटच झालं. टेबल काढायला लावतो, आणि चार नंबरला मी स्वतः जाऊन सांगतो.'

सांगितलं तर खरं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

टोकन नऊ. तो आला.

जाळीच्या पलीकडे. केस पांढरे, खांदे बारीक, चालणं अगदी बाबांसारखं. मी म्हणाले, 'दम्याचा पंप आहे ना?'

नऊ वर्षांनी माझं पहिलं वाक्य हे!

तो म्हणाला, 'तपासणीला आलीस की भेटायला?'

'भेटायला.'

'मग तसं बोल.'

मग मी बोलले. आईचं पत्राने कळवलं ते मुद्दाम. फोन करता आला असता. तुला बेड्यांत दारात बघायचं नव्हतं मला. शेजाऱ्यांनी बघायला नको होतं. चूक माझी. तुझ्यावर जे आलं ते त्यातून आलं.

तो जाळीवरचा गंज नखाने खरवडत होता. म्हणाला, 'कोर्टात बोललीस त्याचा राग नाही ग ताई. खरंच होतं ते. पण आईचं तू ठरवून टाकलंस. मला न विचारता. माझीही आई होती ना?'

'होती.'

'शेवटी काही म्हणाली?'

'तुझं नाव घेत होती. पंखा आवाज करतोय, त्याला बोलाव म्हणाली.'

तो हसला. मग हसताना त्याला धाप लागली. ती धाप मी ओळखते. छातीत काय वाजतंय ते जाळीतूनही कळत होतं. या हिवाळ्यात हा फ्लू याला झाला तर — पुढे लिहीत नाही.

म्हणाला, 'दाढीच्या खुर्चीचं ऐकलं. सलूनवाल्याचं डोकं असणार ते.'

'त्याचंच.'

'आणि मी घ्यायची की नाही ते तूच ठरवलं असशील.'

तोंडापर्यंत आलं होतं — अरे गाढवा, तुझी छाती ऐक! गिळलं. म्हणाले, 'नाही. तू ठरव. घेतलीस की नाही तेही मी विचारणार नाही.'

'न विचारता राहवेल तुला?'

घंटा झाली. शिपायाने त्याला उठवलं. उत्तर द्यायचं राहिलं. राहवणार नाही, हे त्याला माहीत आहे.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

शेडमध्ये लशीची पेटी उघडून दाखवली. तारीख भाजीवालीने स्वतः वाचली, मोठ्याने, अडखळत, बोट ठेवून. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, 'ताजी आहे!' — जशी काही मेथीची जुडी. आज मुलाखतीत प्रत्येकीने आपापल्या माणसाला काय सांगायचं ते सांगितलं. मी कोणाला शिकवलं नाही. कडेवर मूल असलेली जाताना म्हणाली, 'मी त्याला घे म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, ती बाई खोटं बोलली ते तिने आमच्या तोंडावर कबूल केलं.'

सोमवार, ३० ऑक्टोबर

सकाळी आठला बाकीच्या चौघी आणि सलूनवाला आत गेले. चार नंबर, म्हणून मी बाहेर. शेडमध्ये. आज मुलाखतीचा दिवस नाही, तरी सात-आठ जणी आलेल्या. कोणी बोलावलं नव्हतं.

बसलो. भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. भाजीवाली म्हणाली, 'बघून काय होतंय? ते काय तुमच्या भावाने दुरुस्त केलेलं आहे?'

एक वाजता फाटक उघडलं. सलूनवाल्याच्या सदऱ्यावर साबण, चेहरा घामेजलेला. 'सिस्टर, दाढ्या चौसष्ट.' आणि थांबला, मुद्दाम. मेला!

'आधीचे तीन धरून बावन्न!'

बायकांनी आरडाओरडा केला. भाजीवालीने मला मिठीच मारली, माझा चष्मा वाकला. बावन्न! माझ्या मनात मात्र बारा. बारा जण उठून चालू लागले. आणि त्यांतला एक —

सलूनवाला माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. मला विचारायचं होतं. नियम माझाच. घरच्यांनासुद्धा नाही. मी घरची.

त्याने तोंड उघडलं. मीच हात वर केला. म्हणाले, 'नको. सांगू नका.'

इतर बायकाही घरीच गेल्या, न विचारता. त्या नेहमी अशाच, काही न कळता जातात.

घरी आल्यावर हे म्हणाले, 'काय झालं?' म्हटलं, बावन्न. 'आणि तो?' म्हटलं, माहीत नाही. उद्या रांगेत जायचंय, लवकर जेवू.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

पहाटे पाच. चपला घालत होते, तेवढ्यात फोन. ह्यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला. तुरुंगाचा कंपाउंडर. 'सिस्टर, काळजीचं काही नाही. मिस्त्रीला सुईनंतरचा थोडा ताप आहे, शंभर. गोळी दिलीये, झोपलाय. एवढ्याला आम्ही कोणाच्या घरी फोन करत नाही. पण त्याने फॉर्मवर लिहून ठेवलंय — काहीही झालं तरी बहिणीला लगेच कळवा, पत्राने नाही. म्हणून केला.'

शंभर ताप! मला कळवलं!